रव्याइतकी जाड

अंबादास सातपूरच्या मसाला कारखान्यात नाक होता.
पगाराच्या कागदावर हुद्दा वेगळाच काहीतरी,
पण धने भाजून झाले का हे विचारायला
भट्टीवरची पोरं त्यालाच हाक मारायची,
आणि तो दारातूनच सांगायचा, अजून दोन मिनिटं.

माघात ताप आला. ताप गेला,
जाताना वास घेऊन गेला.
डॉक्टर म्हणाले, येईल. कधी, ते नाही म्हणाले.
कारखान्याने त्याला गोदामात बसवलं, पोती मोजायला.

तेव्हा मी कॉफीच्या नादाला लागले.
तोवर आमच्याकडे कॉफी म्हणजे
दुधात उकळलेली, साखर नि जायफळाची,
कुणाचं डोकं दुखलं तर.

देवळाली कॅम्पातल्या फ्रेनीबाईंनी पितळी फिल्टर दिला,
बुडाशी जरासा चेपलेला.
"थेंब थेंब पडू दे, डिकरी, घाई नाय करायची."
मग चिकमगळूरच्या बिया, मग कोरापुटच्या.
पुड्यांवर लिहिलेलं असे: संत्र्याची साल, गूळ, ओली माती.
मी मोठ्याने वाचून दाखवायची.
तो पेपरातून डोकं न काढता विचारायचा,
मग संत्रंच का नाही आणलंस?

हळूहळू हाताला कळत गेलं.
दट्ट्याच्या काचेच्या भांड्याला दळण रव्याइतकं जाड,
फिल्टरला बारीक रवा,
मैदा झाला की संपलं, काढा.
अठरा ग्रॅमला तीनशे पाणी.
उकळी आली की गॅस बंद,
सतराचा पाढा एकदा म्हणायचा, मगच ओतायचं.
चक्का टांगायच्या फडक्यातूनही गाळून पाहिली,
चार धुण्यांनंतरही कॉफी श्रीखंडाची आठवण काढत होती.

मी सुधारत गेले. खरंच.
कापडणीसबाई जिना चढताना आमच्या दारापाशी रेंगाळू लागल्या.
अंबादास पेला दोन्ही हातांत धरून बसायचा.
"कशी झालीय?"
"गरम आहे."

खोटं बोलला असता तरी चाललं असतं मला.
पण वीस वर्षं नाकाची नोकरी केलेला माणूस,
न तपासता शिक्का मारणं त्याला जमत नाही.

मार्गशीर्षात निफाडला दव गोठलं,
त्या आठवड्यात मी हिरव्या बिया आणल्या, घरी भाजायला.
लोखंडी कढई, लाकडी उलथनं.
आधी पिवळ्या, मग दालचिनीच्या रंगाच्या,
मग लाह्यांसारखी पहिली तडतड.
इथून पुढे हलायचं नसतं.
इथेच वरची टाकी भरून वाहायला लागली,
मोटर बंद करायला मी जिन्यावर धावले,
आणि जिन्यावर कापडणीसबाई भेटल्या.

परत आले तर घरभर धूर, बियांचा कोळसा,
आणि न्हाणीतून अर्ध्या दाढीचा अंबादास,
गालावर फेस,
"काय जळलं गं?"

धूर काय, कुणालाही दिसतो, मी म्हटलं.
"मी आत होतो. दार लावून."

पंखा लावायचं कुणाला सुचलं नाही.
तो कढईवर वाकला, वाकूनच राहिला,
फेसाचा थेंब त्या काळ्या बियांत पडला.
"आमच्या भट्टीवर असतीस तर त्याच दिवशी घरी पाठवली असती,"
म्हणाला, आणि परत वाकला.

त्याच बियांची केली मग.
अठरा ग्रॅम, तीनशे पाणी,
सतराचा पाढा सतरा सक्कं पाशी अडखळला.
आजवर इतकी वाईट कॉफी मी केली नव्हती.
त्याने दुसरा पेला मागितला.

दुसऱ्या दिवशी कोरापुटची, अगदी नीट, जशी हवी तशी.
विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारलं.
"गरम आहे."
मी वळून ओटा पुसायला घेतला.
मागून पेला खाली ठेवल्याचा आवाज आला नाही.
"थांब," म्हणाला. "अजून दोन मिनिटं."